मँचेस्टर युनायटेड घरीच का हरते? ओल्ड ट्रॅफर्डचा आवाज आणि आकडे

२०२४-२५च्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड आपल्या घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, नऊ सामने हरली. लीगचे घरचे सामने वर्षात एकोणीसच असतात, त्यातले नऊ. लिव्हरपूल, टॉटनहॅम आणि बोर्नमथ या तिघांनी येऊन प्रत्येकी तीन गोल केले आणि आपल्या युनायटेडला त्या तिन्ही सामन्यांत एकही गोल करता आला नाही. प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून या मैदानावर एका हंगामात इतके पराभव कधी झाले नव्हते.

असा हंगाम आला की फॅनमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, स्टँड मेलेत. निम्मे लोक फोटो काढायला आलेले पर्यटक, गाणी कोणाला येत नाहीत, मग खेळाडूंना चेव येणार कुठून? दुसरा म्हणतो, तासभर झाला तरी गोलवर एक धड शॉट नाही, माणूस ओरडणार कशासाठी? मँचेस्टरच्या पबमधला हा वाद मध्यरात्री जागून मॅच बघणाऱ्या पुण्या-मुंबईच्या फॅनमध्येही तितक्याच तावातावाने होतो. दोघांचंही थोडं बरोबर आहे असं म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते पटत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांचे निकाल नीट पाहिले तर दुसऱ्या तटाचं पारडं बरंच जड आहे. गर्दीचा परिणाम सामन्यावर होतो, याबद्दल शंका नाही. पण तो ठरावीक वाटांनी होतो, आणि त्या वाटा आपण समजतो त्याहून वेगळ्या आहेत.

घरचा फायदा म्हणजे नेमका किती?

प्रीमियर लीगच्या सर्वसाधारण हंगामात शंभरातले पंचेचाळीसच्या आसपास सामने यजमान जिंकतात, तिसाच्या आसपास पाहुणे, उरलेले बरोबरीत सुटतात. पूर्वी ही दरी कितीतरी मोठी होती. युरोपीय फुटबॉलची संघटना युएफाने २०२१ मध्ये 'अवे गोल'चा नियम रद्द केला, म्हणजे दोन सामन्यांची लढत बरोबरीत सुटली तर बाहेर जास्त गोल करणाऱ्याला पुढे चाल देणं बंद केलं. तेव्हा त्यांनी कारण म्हणून आकडे दिले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पुरुषांच्या युरोपीय स्पर्धांत ६१ टक्के सामने यजमान जिंकायचे आणि १९ टक्के पाहुणे. आता ते प्रमाण ४७ आणि ३० वर आलं आहे. प्रवास सोपा झाला, सगळीकडची मैदानं सारखीच सपाट आणि हिरवीगार झाली, प्रत्येक सामना कॅमेऱ्यासमोर होऊ लागला, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचे निर्णय तपासणं, आलं. 'आमच्या किल्ल्याची भीती राहिली नाही' ही हळहळ आज जवळजवळ प्रत्येक क्लबचे फॅन व्यक्त करतात. त्यातला एक भाग त्यांच्या क्लबचा नसून सगळ्या फुटबॉलचाच आहे.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे आणि वादाच्या भरात हमखास राहून जाते. घरचा फॉर्म खराब आहे की फॉर्मच खराब आहे, हे आधी तपासायला हवं. त्यासाठी घरचे गुण आणि बाहेरचे गुण शेजारी-शेजारी मांडायचे. २०२४-२५ मध्ये युनायटेडने घरी ७ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, ९ गमावले. गुण २४. बाहेर ४ जिंकले, ६ बरोबरीत, ९ गमावले. गुण १८. म्हणजे त्या भयंकर वर्षातही ओल्ड ट्रॅफर्डवर आपण बाहेरच्यापेक्षा बरे होतो! एकूण ४२ गुण आणि पंधरावा क्रमांक. त्या वर्षी दुखणं संघाचं होतं. जानेवारीत ब्रायटनकडून घरी १-३ हरल्यावर तेव्हाचे प्रशिक्षक रुबेन अमोरिम स्वतःच म्हणाले होते की क्लबच्या इतिहासातला हा कदाचित सर्वांत वाईट संघ असेल. घरचे पराभव जास्त बोचतात, कारण ते आपल्यासमोर, आपल्या लाल खुर्च्यांच्या मधोमध होतात. पण मनाला बोचणारा सामना आणि हंगाम बिघडवणारा सामना एकच असतो असं नाही.

खरोखर घरीच अडखळलेले हंगाम वेगळे आहेत. २०१३-१४ घ्या. प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी डेव्हिड मोयेस आले होते. त्या वर्षी घरी ३० गुण आणि बाहेर ३४. किंवा २०२०-२१ घ्या. बाहेरच्या १९ सामन्यांत एकही पराभव नाही, १२ विजय आणि ७ बरोबरी, ४३ गुण. आणि त्याच संघाने ओल्ड ट्रॅफर्डवर सहा सामने गमावले. टॉटनहॅमने १-६ अशी धूळ चारली ती याच हंगामात. घरी एकूण ३१ गुण. हा मात्र कोड्यात पाडणारा आकडा आहे, आणि तो सुटला की बाकीचं बरंच सुटतं.

रिकाम्या स्टँडने काय शिकवलं

२०२०-२१चा हंगाम कोविडमुळे जवळजवळ पूर्ण रिकाम्या स्टँडसमोर झाला. शास्त्रज्ञाला मागूनही मिळाला नसता असा प्रयोग आपोआप घडला. प्रीमियर लीगच्या ३८० सामन्यांपैकी १४४ यजमानांनी जिंकले आणि १५३ पाहुण्यांनी. इंग्लंडच्या वरच्या लीगच्या इतिहासात पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकल्याचं हे पहिलंच उदाहरण. लिव्हरपूल अ‍ॅनफील्ड या आपल्या मैदानावर सलग ६८ लीग सामने अपराजित होती. जानेवारी २०२१ मध्ये बर्नलीने ती साखळी तोडली आणि तो सामना धरून लिव्हरपूल घरी सलग सहा लीग सामने हरली. आपल्याकडेही त्या वर्षीचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) पूर्णपणे गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. मुंबई सिटी एकही सामना मुंबईत न खेळता लीग शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही घेऊन गेली.

गर्दी गेली आणि घरचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला, हे यातून स्पष्ट दिसतं. पहिल्या तटाचा मुद्दा सिद्ध झाला असं इथे वाटू शकतं. पण तुलना कशाची झाली ते पाहा: भरलेलं स्टेडियम आणि रिकामं स्टेडियम. ओल्ड ट्रॅफर्डवरचा वाद त्याबद्दल नाहीच. तिथे चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास माणसं दर सामन्याला असतातच. वाद आहे गाणारे चौऱ्याहत्तर हजार आणि गप्प बसलेले चौऱ्याहत्तर हजार यांच्यातल्या फरकाचा. तो फरक किती मोठा, हे कळायला गर्दी नेमकं काय करते ते पाहावं लागेल.

आवाज कोणाच्या कानात जातो?

आपल्याला वाटतं, खेळाडूंच्या. पण पुरावा सर्वांत भक्कम आहे तो पंचाच्या कानाचा. अ‍ॅलन नेव्हिल या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सामन्यातले ४७ टॅकल दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. चित्र तेच, टॅकल तेच. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. हे पंच काही बेईमान नव्हते. क्षणार्धात निर्णय घ्यायचा असतो, डोळ्यांना जे अर्धवट दिसलं ते कान पूर्ण करतात, इतकंच.

स्पॅनिश लीगवरच्या एका अभ्यासात असंही दिसलं की यजमान एका गोलने मागे असतील तर पंच इंज्युरी टाइम (वाया गेलेल्या वेळेची भरपाई) जास्त देतात आणि एका गोलने पुढे असतील तर कमी. जर्मनीत थॉमस डोमेन यांनी बुंडेसलिगाचे सामने तपासले. त्यांना ज्या स्टेडियममध्ये मैदानाभोवती धावपट्टी आहे, म्हणजे प्रेक्षक लांब बसतात, तिथे पंचांचा यजमानांकडचा कल कमी आढळला. लंडन स्टेडियमवर गेल्यापासून वेस्ट हॅमचे फॅन 'आम्ही मैदानापासून फार लांब बसतो' अशी तक्रार करतात, तिच्यामागे इतकं तरी तथ्य आहे.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये हा प्रश्न फार छान वेगळा होऊन दिसतो. पाटाकडील असो, दिलबहार असो की शिवाजी तरुण मंडळ, सगळे एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. घरचं मैदान असं कोणाचंच नाही. प्रवास नाही, अनोळखी गवत नाही. उरतो तो फक्त त्या दिवशी कोणत्या पेठेची माणसं जास्त आली आणि कोणाचा आवाज वर राहिला, एवढाच फरक.

तर आवाज काम करतो, पण काठावरच्या निर्णयांवर: अर्धा फाउल, एखादं पिवळं कार्ड, दोन मिनिटं जास्त. आणि व्हीएआर आल्यापासून पेनल्टी, लाल कार्ड यांसारखे मोठे निर्णय त्या आवाजापासून लांब बसलेल्या माणसासमोर पुन्हा तपासले जातात. अशा काठावरच्या फायद्याने एखादी बरोबरी विजयात बदलते. बोर्नमथविरुद्धचा ०-३ त्याने बदलत नाही.

समोर लावलेली बस

मग २०२०-२१ मध्ये बाहेर अजिंक्य असलेला संघ घरी सहा वेळा का हरला? रिकाम्या स्टँडमुळे घरचा फायदा गेला एवढं सांगून भागत नाही. फायदा शून्य झाला तर घर आणि बाहेर सारखं व्हायला हवं होतं. इथे घर उलट महागात पडलं. माझ्या मते याचं उत्तर गवतावर आहे.

प्रशिक्षक ओले गुन्नर सोल्स्कयारचा तो संघ प्रतिहल्ल्यावर जगायचा. बाहेरच्या मैदानावर यजमान संघ पुढे सरसावतो, त्याच्या बचावामागे मोकळी जागा राहते, आणि रॅशफोर्डसारख्या वेगवान खेळाडूला नेमकी तीच हवी असते. ओल्ड ट्रॅफर्डवर मात्र छोटा पाहुणा संघ येतो तोच एक गुण खिशात घालून परतायचं ठरवून. दहा खेळाडू चेंडूच्या मागे, दोन ओळी एकमेकींना चिकटलेल्या, पेनल्टी बॉक्ससमोर मुंगीलाही वाट नाही. यालाच आपण 'बस लावली' म्हणतो. आता चेंडू तुमच्याकडे, वेळ तुमच्याकडे, आणि जागा कुठेच नाही. बस फोडायला लागतात ते वेगळेच गुण: दोन ओळींच्या मधे वळून चेंडू घेणारा मिडफिल्डर, एकट्याने बचावपटूला चकवणारा विंगर, जलद आणि थेट पास. हे जमलं नाही तर चेंडू इकडून तिकडे फिरत राहतो, कोणीतरी वैतागून चुकीचा पास देतो, आणि पाहुणे दोन पासांत तुमच्या गोलसमोर.

याचं सर्वांत जळजळीत उदाहरण फेब्रुवारी २०१४ मधलं. लीगच्या तळाला असलेली फुलहॅम ओल्ड ट्रॅफर्डवर आली. मोयेसच्या संघाने त्या दिवशी ऐंशीहून जास्त क्रॉस, म्हणजे बाजूने बॉक्समध्ये मारलेले चेंडू, टाकले. ऐंशी! दोनदा मधला रस्ता सापडला, गोल झाले, आणि इंज्युरी टाइममध्ये डॅरेन बेंटने २-२ केलं. त्या दुपारी कितीही गाणी म्हटली असती तरी बॉक्समध्ये उभ्या असलेल्या त्या उंच बचावपटूंना फरक पडला नसता. फर्ग्युसनच्या काळात हेच पाहुणे हीच बस घेऊन यायचे. पण तेव्हा ती फोडायला स्कोल्स होता, गिग्ज होता, रूनी होता. २०१०-११ मध्ये युनायटेडने घरचे १९ पैकी १८ लीग सामने जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला.

अमोरिमचा संघ तर बस लावलेली नसतानाही जागा सोडून द्यायचा, त्यामुळे त्याचं दुखणं आणखी खोल. पण त्याच हंगामात युरोपा लीग या युरोपीय स्पर्धेत घरी सात सामने झाले आणि एकही हरलो नाही. सहा विजय, एक बरोबरी. रिआल सोसिएदादविरुद्ध ४-१, अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध ४-१. मैदान तेच, खुर्च्या त्याच, शर्ट तोच. त्यातले बरेच संघ प्रीमियर लीगच्या मधल्या फळीतल्या संघांइतके दणकट नव्हते, आणि काही मोकळेपणाने खेळायला येत होते.

१७ एप्रिल २०२५ ला लियोंविरुद्ध काय झालं ते युनायटेडचा फॅन जन्मभर विसरणार नाही. २-० वरून २-२, जादा वेळेत २-४, आणि मग शेवटच्या काही मिनिटांत ब्रुनोची पेनल्टी, कोबी मेनूचा गोल, मॅग्वायरचं हेडर. ५-४. तो आवाज टीव्हीवरसुद्धा अंगावर काटा आणत होता. तीनच दिवसांनी वुल्व्ह्जचा संघ आला, साराबियाने एक फ्री किक मारली आणि आपण ०-१ हरलो. ओल्ड ट्रॅफर्डच्या गर्दीला गाता येत नाही असं म्हणणाऱ्याने हे दोन सामने पाठोपाठ पाहावेत. गर्दी तीन दिवसांत बदलत नसते. तिला ओरडायला मैदानावर काय मिळतं, ते बदलतं.

कुजबुज, सुस्कारे आणि शिट्ट्या

एक ठिकाण मात्र आहे जिथे स्टँडचा मूड खरोखर पायांपर्यंत पोहोचतो, आणि तो बहुधा नुकसानच करतो. न्यूकॅसलविरुद्ध ३० डिसेंबर २०२४ ला युनायटेड वीस मिनिटांत दोन गोलने मागे पडली. तेहतिसाव्या मिनिटाला युनायटेडच्याच जोशुआ झिर्कझीला बाहेर काढलं, तेव्हा घरच्याच काही फॅननी जल्लोष केला. तो मान खाली घालून थेट ड्रेसिंग रूमकडच्या बोगद्यात गेला. दोन आठवड्यांनंतर एफए कपमध्ये आर्सेनलच्या मैदानावर पेनल्टी शूटआउटचा निर्णायक फटका मारायला हाच झिर्कझी आला आणि त्याने गोल केला. भोवती आर्सेनलचे हजारो फॅन, पण आपल्या माणसांचा तो सुस्कारा तिथे नव्हता. एका खेळाडूच्या एका फटक्यावरून नियम काढता येत नाही, तरी मला हा योगायोग फार बोलका वाटतो.

चक्र असं फिरतं. बस लावलेली असते, अर्धा तास गोल होत नाही, स्टँडमध्ये कुजबुज सुरू होते. प्रत्येक चुकलेल्या पासला हजारो लोकांचा एकत्र सुस्कारा. बचावपटू मग धोक्याचा पुढचा पास टाळतो आणि शेजाऱ्याला सुरक्षित पास देतो. खेळ आणखी संथ होतो, कुजबुज आणखी वाढते. पाहुण्या प्रशिक्षकांना हे पक्कं ठाऊक असतं. 'पहिली वीस मिनिटं काढा, मग त्यांचेच लोक आपलं काम करतील' हा सल्ला फुटबॉलमध्ये फार जुना आहे. चक्राला पहिला धक्का मैदानावरून बसतो, हे मी पुन्हा सांगतो. पण एकदा फिरू लागलं की स्टँड त्याला वेग देतात.

पाहुण्या फॅनचं असं होत नाही. प्रीमियर लीगमध्ये त्यांना जास्तीत जास्त तीन हजारांच्या आसपास जागा मिळतात, सगळे एका कोपऱ्यात, सगळे उभे. शेकडो मैल प्रवास करून तेच येतात ज्यांना सगळी गाणी पाठ आहेत. जिंकायची अपेक्षाही कमी असते. म्हणून तीन हजार लोक सत्तर हजारांना गप्प करताना दिसतात.

शांतता नवी नाही

ओल्ड ट्रॅफर्ड शांत असल्याची तक्रार ही संघ हरू लागल्यावर सुरू झाली, असा एक समज आहे. तो खरा नाही. नोव्हेंबर २००० मध्ये कर्णधार रॉय कीनने प्रॉन (कोळंबी) सँडविच खात बसणाऱ्या, खेळ न कळणाऱ्या प्रेक्षकांवर तोफ डागली. त्या हंगामात युनायटेड लीग जिंकली. १ जानेवारी २००८ ला बर्मिंगहॅमला १-० हरवल्यावर फर्ग्युसन म्हणाले की गर्दी मेल्यासारखी होती, अंत्ययात्रेला आल्यासारखं वाटलं. त्या हंगामात घरचे १९ पैकी १७ लीग सामने जिंकले, लीग जिंकली आणि चॅम्पियन्स लीगसुद्धा.

उलट बाजूही पाहा. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर, म्हणजे 'पिवळ्या भिंतीवर', पंचवीस हजारांच्या आसपास लोक उभ्याने मॅच पाहतात. युरोपात इतका मोठा उभ्याचा स्टँड दुसरा नाही, इतका आवाजही क्वचितच कुठे. तरी फेब्रुवारी २०१५ मध्ये ऑग्सबुर्गकडून घरी ०-१ हरल्यावर डॉर्टमुंड बुंडेसलिगात शेवटच्या क्रमांकावर होती. गोलकीपर वायडेनफेलर कुंपणावर चढून संतापलेल्या फॅनची समजूत काढत होता. युर्गन क्लॉप प्रशिक्षक, पिवळी भिंत पाठीशी, आणि संघ तळाला.

मग वातावरणाची काळजी सोडून द्यायची का? मुळीच नाही. गाणारा स्टँड हा फुटबॉल पाहायला जाण्याच्या आनंदाचा निम्मा भाग आहे. गुण मिळोत न मिळोत, तो टिकवायला हवा. आणि तो कमी होण्यामागे फॅनचा आळस नाही. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत ९७ लिव्हरपूल फॅन गेले. त्यानंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबना सगळीकडे खुर्च्या बसवायला लावल्या. ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंडचा उभ्याचा स्टँड १९९२ मध्ये पाडला गेला. सुरक्षेसाठी बदल हवाच होता, त्याबद्दल दुमत नसावं. पण त्यासोबत तिकिटं महागली, मित्रांच्या टोळ्या विखुरल्या, आणि आठवड्याला खिशातले दोन पैसे काढून येणारी पोरं बाहेर राहिली. २०२२ पासून रेलिंग असलेल्या खुर्च्यांसह उभं राहायला पुन्हा परवानगी मिळाली, ते चांगलं झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र युनायटेडने हंगामाच्या मध्येच उरलेल्या सामन्यांची सदस्यांसाठीची तिकिटं सरसकट ६६ पौंड केली, मुलांना आणि वृद्धांना सवलत न ठेवता. ज्या वयात गाणी पाठ होतात त्याच वयाच्या मुलाला दार बंद करायचं आणि मग स्टँड शांत का म्हणून विचारायचं, हे मला अजिबात पटत नाही.

मार्च २०२५ मध्ये क्लबने ओल्ड ट्रॅफर्डच्या शेजारी एक लाख जागांचं नवं स्टेडियम उभारायची योजना जाहीर केली. त्याचं छत आणि मनोरे यांची चित्रं सगळ्यांनी पाहिली. त्या एक लाखात उभ्याने मॅच पाहायची जागा किती असेल, ती गोलमागे सलग असेल की तुकड्यातुकड्यांत, आणि शेजारच्या सॅलफर्डच्या सोळा वर्षांच्या मुलाला तिथलं तिकीट केवढ्याला पडेल, हे फॅननी आत्ताच, नकाशे पक्के होण्याआधी विचारलं पाहिजे. घरचे सामने जिंकायचे असतील तर त्याची तयारी वेगळीकडे, कॅरिंग्टनच्या सरावाच्या मैदानावर आणि खेळाडू निवडणाऱ्यांच्या टेबलावर करावी लागेल.